दीड महिन्याच्या डोसच्या दिवशी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो आणि दरवर्षी त्या दिवशी पेपरात तेच येतं, तेल कमी खा, मीठ कमी खा, रोज अर्धा तास चाला, तंबाखू सोडा. बरोबरच आहे ते, माझ्या सख्ख्या भावाला पंचेचाळीसाव्या वर्षी अटॅक आला होता, मला माहीत आहे. पण ह्या वर्षी त्या पानावर थोडी जागा अंगावर पिणाऱ्या लेकरांसाठी ठेवा अशी हात जोडून विनंती आहे, त्यासाठीच हे पत्र लिहून राहिली. मोबाइलवर टाइप करते आहे, शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या सुधारून घ्या, पत्र लांबलं तर कुठूनही कापा, फक्त दीड महिन्याच्या लसीच्या डोसचं जे लिहिलंय ते कापू नका.

मी 27 वर्षं अंगणवाडी सेविका होते, हिंगणा तालुक्यातल्या एका गावात. 2023 ला रिटायर झाले, आता मुलाकडे मानेवाड्याला राहते. मुलाचं टू-व्हीलर दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे, सून घरीच ब्लाऊज शिवते. 27 वर्षांत किती लेकरांचं वजन केलं त्याचा हिशेब नाही. आधी तो झोळीचा काटा होता, छताच्या हुकाला टांगायचा आणि लेकरू त्याच्यात लटकून बोंबलायचं, मग डिजिटल काटे आले, मग मोबाइलमध्ये माहिती भरणं आलं. वजनाच्या आलेखात कोणतं लेकरू हिरव्या पट्ट्यात आहे, कोणतं पिवळ्यात, कोणतं घसरून राहिलं हे मला नुसतं कडेवर घेतलं की कळते असं मी म्हणायची, आणि गावातल्या बायाही म्हणायच्या की बाईंचा हात म्हणजे काटा आहे. आणि माझ्या स्वतःच्या मांडीवर जे लेकरू झोपत होतं त्याचं मला पाच महिने कळलं नाही.

नातू 2024 च्या जुलैत झाला. नॉर्मल डिलिव्हरी, वजन 2 किलो 900, लगेच रडला, लगेच अंगावर प्यायला. सुट्टी व्हायच्या आधी त्याच्या पायाला ती लाल लाइटची क्लिप लावून ऑक्सिजन बघितला, 97 आला, सिस्टर म्हणाल्या एकदम मस्त आहे. आम्ही वाजतगाजत घरी आणला.

तिसरा आठवडा संपता संपता पिण्याचं तंत्र बदललं. दोन मिनिटं ओढायचा, सोडून द्यायचा, धापा टाकायचा, परत तोंड लावायचा, तेवढ्यात थकून झोपून जायचा आणि अर्ध्या तासात भुकेनं रडत उठायचा. कपाळाला घाम. आता नागपूरचा श्रावण म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पाऊस पडून जाते आणि मागून अशी उमस येते की भिंतींनाही घाम फुटते, कूलरचा काही उपयोग नाही, म्हणून आम्ही म्हटलं गरमीचा घाम आहे. पण पहाटे चारला फुल पंख्याखाली सुद्धा कपाळ ओलं, टाळू ओली, सुनेच्या हाताच्या घडीवर ओला डाग. अंगावर घाम नाही, फक्त डोक्याला. सून मला म्हणाली, आई, याला पिताना इतका घाम काहून येते? मी म्हटलं, त्याच्या बापालाही असाच यायचा.

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. त्याच्या बापाला घाम यायचा की नाही हे मला आठवतही नव्हतं, सुनेला धीर द्यायला तोंडातून निघून गेलं, आणि मी अंगणवाडीची बाई म्हटल्यावर तिनं विश्वास ठेवला.

दीड महिन्याचा झाला तसे डोसला घेऊन गेलो. कुठे गेलो ते लिहीत नाही, तिथल्या सिस्टरांची तक्रार करायला हे पत्र नाही, त्या बिचाऱ्या एकट्या होत्या आणि बाहेर तीस-पस्तीस बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. पोलिओचे थेंब, रोटाचा डोस, मांडीत सुया, कार्डावर तारीख, रात्री ताप येईल, औषध द्या, पुढचा नंबर. वजन केलं, 3 किलो 500. कार्डावर लिहिलं. सहा आठवड्यांत सहाशे ग्रॅम, जिथे चांगलं पिणारं लेकरू किलोभराच्या वर वाढते. तो आकडा सिस्टरांनी लिहिला, मी वाचला आणि कार्ड पिशवीत टाकलं. आलेखावर टिंब देऊन रेघ ओढायला दहा सेकंद लागतात, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांच्या रेघा ओढल्या, नातवाची ओढली नाही. छातीला स्टेथोस्कोप कोणी लावला नाही, तिथे डॉक्टरच नव्हते त्या दिवशी.

पुढचे तीन महिने पटकन सांगते कारण ते आठवलं की मला त्रास होते. दूध पातळ आहे म्हणून सुनेला शतावरी, अळिवाची खीर, मेथीचे लाडू. नजर लागली म्हणून मीठ-मोहरी. शेजारणीनं सांगितलं वरचं दूध सुरू करा, आम्ही केलं, आणि सहा महिने फक्त आईचं दूध हे गावोगाव सांगत फिरणारी मी, बाटली उकळून देत होते. सर्दी-खोकल्यासाठी दोनदा दवाखान्यात नेलं, एकदा वाफ दिली, एकदा अँटिबायोटिक. सून रात्र रात्र बसून रडायची की माझ्यातच काही कमी आहे. तिला तसं वाटायला आम्ही सगळ्यांनीच हातभार लावला.

डिसेंबरमध्ये आमच्या जुन्या गावात लग्न होतं. मी सुनेला म्हटलं चल, माझी अंगणवाडी दाखवते तुला. गेलो तर दारात आरबीएसकेची गाडी उभी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 साली आपल्याच पालघरमधून देशभरासाठी सुरू झाला, डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते आणि जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते, एकूण 30 प्रकारचे आजार आणि व्यंगं त्यांच्या यादीत आहेत, त्यात जन्मतः हृदयाचा आजारही आहे. ह्या गाडीची मी नोकरीत असताना किती वाट पाहिली असेल, मुलं जमा करा, रजिस्टर काढा, आंघोळी घालून आणा सांगा. डॉक्टर मॅडम ओळखीच्या. मी हसत हसत म्हटलं, मॅडम, आमच्या पाहुण्यालाही बघून घ्या.

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. लावूनच ठेवला. लेकरू रडून राहिलं होतं तर म्हणाल्या, आईजवळ द्या, पिऊ द्या. तो पिताना परत लावला, पाठीला लावला, परत छातीला. मग मला म्हणाल्या, बाई, तुम्ही ट्रेनिंगमध्ये श्वास मोजायला शिकल्या होत्या नं, मोजा याचे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पूर्ण मिनिट मोजले. 64. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या लेकराचा श्वास 50 च्या आत पाहिजे, हे मी स्वतः आशाताईंना पाठ करून घेतलेलं. मॅडमनं विचारलं, दूध पिताना कपाळाला घाम येतो का? सून माझ्याकडे पाहून राहिली. काही बोलली नाही ती, आजपर्यंत बोलली नाही. काट्यावर ठेवला तर 4 किलो 800. पाच महिन्यांचं लेकरू.

चौथ्या दिवशी नागपूरला टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला भोक, आणि लहान नाही, चांगलं 8 मिलिमीटरचं. जन्मतः हृदयाचा दोष हजार लेकरांमागे साधारण आठ-नऊ लेकरांना असतो म्हणे आणि त्यात सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच. डॉक्टरांनी खूप शांतपणे कागदावर काढून समजावलं, मी ते माझ्या भाषेत सांगते. दोन हौद आहेत शेजारी शेजारी, मधल्या भिंतीला भोक आहे. दोन्ही हौदांत पाणी सारख्याच उंचीवर असलं तर भोकातून पाणी इकडून तिकडे जातच नाही, आवाजही येत नाही. जन्मलेल्या लेकराचं तसंच असतं, फुप्फुसातला दाब तेव्हा जास्त असतो, दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या दिवशी कान देऊन ऐकलं तरी काही ऐकू येत नाही. मग पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसाकडचा दाब उतरत जातो, दीड-दोन महिन्यांपर्यंत, एका हौदाचं पाणी खाली जाते आणि भरलेल्या हौदातून भोकातून धार सुरू होते. त्या धारेचा आवाज म्हणजे मरमर. सगळं जास्तीचं रक्त फुप्फुसात जाऊन बसते, लेकराला धाप लागते, पिताना तर आपण जिना चढावा तशी मेहनत, म्हणून घाम, म्हणून वजन नाही, म्हणून सारखा कफ.

मी विचारलं, पण डॉक्टर, पायाला क्लिप लावून बघितलं होतं नं, 97 आला होता. ते म्हणाले, ती तपासणी फार चांगली आहे, सगळीकडे व्हायलाच पाहिजे, पण ती निळ्या पडणाऱ्या लेकरांना पकडते. तुमच्या नातवाचं शुद्ध रक्तच फुप्फुसात परत जाऊन राहिलं, ऑक्सिजन कमी कुठून दिसेल? म्हणजे जन्माच्या वेळी दोन्ही तपासण्यांत लेकरू पास झालं आणि दोन्ही तपासण्या बरोबरच होत्या. जेव्हा आवाज सुरू झाला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. माझं सगळं पत्र ह्या एका गोष्टीसाठी आहे साहेब.

आणि उशीर झाला तर काय, तेही त्यांनी सांगितलं. फुप्फुसात वर्षानुवर्षं जास्त दाबानं रक्त जात राहिलं की तिथल्या नसा जाड आणि कडक होतात, मग दाब उलटा होतो, अशुद्ध रक्त भोकातून अंगात यायला लागते, पोर निळं पडते. त्याला आयझेनमेंगर म्हणतात. तिथपर्यंत गेलं की भोक बुजवताच येत नाही, बुजवलं तर पेशंट दगावतो. ऑपरेशनची एक वेळ असते आणि ती निघून जाते.

हे ऐकताना मला एक पोरगी आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्या अंगणवाडीत होती, साडेचार वर्षांची, ओठ नेहमी जांभळट, बोटांची टोकं फुगलेली. सगळी पोरं पळायची आणि ही दहा पावलं पळून मधेच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, थोडा वेळ बसून परत उठायची. आम्हाला वाटायचं खेळातच तसं बसते, पोरं तिला बेडूक म्हणायची. जून महिन्यात अंगणवाडी उघडली तेव्हा ती आली नाही. उन्हाळ्यात गेली म्हणाले, ऊन लागलं. आता ह्या डॉक्टरांना मी ते सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, हृदयाचा तो वेगळा आजार असतो, निळा पडणारा, त्याच्यात लेकराला धाप लागली की ते आपोआप उकिडवं बसते, तसं बसलं की त्यांना बरं वाटते, कोणी शिकवावं लागत नाही. पोरगी रोज आमच्यासमोर बसून दाखवत होती. तेव्हा हे पथक नव्हतं, ट्रेनिंग नव्हतं, मला दोष देऊ नका असं सगळे म्हणतात. पण तिचं नाव माझ्या रजिस्टरात माझ्या अक्षरात आहे.

असो, नातवाकडे येते. लघवी होऊन फुप्फुसातलं पाणी कमी व्हावं म्हणून औषधं सुरू झाली, थेंबाथेंबानं मोजून, आणि ऑपरेशन जानेवारीत ठरलं. खर्च बाहेर अडीच-तीन लाख सांगितला होता, मुलानं गॅरेजवर कर्ज काढायची तयारी केली होती, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. ह्या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांच्याकडे जा, मग बाकीच्या टेबलांवर जा. आमचे आठ दिवस का गेले तर रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नव्हतं, बाळाचं तर प्रश्नच नाही, आणि आधारवर मुलाच्या वडिलांच्या नावात एक काना कमी. लग्न झालं की सुनेचं नाव आणि जन्मदाखला आला की बाळाचं नाव कार्डावर चढवून टाका, हे मी आता दिसेल त्या बाईला सांगते. आठ दिवस धापा टाकणारं लेकरू घेऊन एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर फिरणं काय असते हे ज्यानं केलं त्यालाच माहीत.

रक्त लागणार होतं, मुलाच्या गॅरेजवर येणारे गिऱ्हाईक धावून आले, त्यात एक डिलिव्हरीवाला पोरगा, नाव-गाव माहीत नाही, गाडीचं क्लच वायर टाकायला आला होता, तो रक्त देऊन गेला आणि वायरचे पैसेही देऊन गेला. मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातवाला ताप. जानेवारीतली थंडी, छातीत कफ. डॉक्टरांनी परत पाठवलं, म्हणाले अशा छातीवर मशीनवर घेणं बरोबर नाही. आम्ही सगळे रडलो, भांडलोही थोडे, पण त्यांचंच बरोबर होतं. तीन आठवडे मी घरात कोणाला येऊ दिलं नाही, टेकडी गणपतीला सुद्धा गेलो नाही, दारातूनच हात जोडले. फेब्रुवारीत झालं ऑपरेशन, सात महिन्यांचा होता, 5 किलो 300.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बसवून सगळं सांगितलं, धोका किती तेही. माझा मुलगा मेकॅनिक माणूस, त्यानं विचारलं, डॉक्टर, इंजिन चालू ठेवून तर आतलं काम होत नाही, मग? डॉक्टर म्हणाले, बंदच करतो, औषध देऊन हृदय थांबवतो, तेवढा वेळ बाहेरचं मशीन रक्त फिरवते आणि ऑक्सिजन भरते, आम्ही हृदयाच्या आवरणाचाच तुकडा घेऊन भोकावर ठिगळ शिवतो, मग परत चालू. मुलानं मान हलवली. रात्रभर मोबाइलवर वाचत बसला. पहाटे मला म्हणाला, आई, 1954 साली अमेरिकेत मिनियापोलिसला पहिल्यांदा असं भोक बुजवलं, तेव्हा त्या डॉक्टरांनी मशीन वापरलंच नव्हतं, बापाला शेजारच्या टेबलावर झोपवलं आणि बापाच्या रक्तवाहिन्या पोराच्या रक्तवाहिन्यांना नळ्यांनी जोडल्या, बापाच्या हृदयानं दोघांचं काम केलं. पोरगा वर्षभराचा होता. मी विचारलं, वाचला का? तो म्हणाला, ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियानं गेला. मग बराच वेळ थांबून म्हणाला, मीही झोपलो असतो टेबलावर.

सकाळी साडेसातला सुनेच्या कडेवरून घेतला. शेवटचं दूध रात्रीच दिलं होतं, उपाशी होता, तरी सिस्टरकडे हसत गेला. दार बंद झाल्यावर सून तिथेच खाली बसली, उठेना. वेटिंग हॉलमध्ये सगळीकडची माणसं, गडचिरोलीची, यवतमाळची, बालाघाट-छिंदवाड्याची हिंदी बोलणारी, सगळ्यांच्या हातात तीच एक प्लास्टिकची फाइलची पिशवी. चामोर्शीकडच्या एका आजीनं मला तिच्या डब्यातली भाकर खायला लावली, तिची नात तीन दिवसांपूर्वी ऑपरेशन होऊन आत होती. ती म्हणाली, बाई, रडून घ्या, पण पोटात टाका काही, आत बोलावलं तर पडाल चक्कर येऊन. साडेबाराला निरोप आला की मशीनवरून काढलं, हृदय आपलं आपण चालू झालं. पंपावर 70 मिनिटं होता. 70 मिनिटं.

आयसीयूत एकेकाला दोन मिनिटं सोडलं. तोंडात नळी, मानेत नळी, छातीतून दोन नळ्या बाटलीला, लघवीची नळी, पोटातून निघालेल्या केसासारख्या दोन तारा, छातीवर उभी पट्टी, चेहरा सुजलेला, आमचं लेकरू ते ओळखूच येईना. मी घाबरून पायाकडेच उभी राहिली. सिस्टर म्हणाली, आजी, हात लावा, काही होत नाही. मी हात धुतलेले होते, तरी परत धुतले आणि कपाळावर हात ठेवला.

कोरडं होतं.

सात महिन्यांत पहिल्यांदा मला ते कपाळ कोरडं लागलं. मी बाहेर येऊन सुनेला तेवढंच सांगितलं, कोरडं आहे गं. ती माझ्या गळ्यात पडली, आणि त्या घामाबद्दल आम्हा दोघींत जे काही न बोललेलं होतं ते मी तिच्याजवळ तिथेच बोलून टाकलं, माफी मागितली. ती काय म्हणाली ते घरातलं आहे, पेपरात लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढला, नवव्या दिवशी घरी. घरी आल्यावरचं थोडं लिहिते कारण हे आम्हाला सिस्टरनी चांगलं शिकवलं आणि सगळीकडे कोणी शिकवत नाही. छातीचं हाड कापून परत जोडलेलं असते, म्हणून सहा-आठ आठवडे लेकराला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, असं खोऱ्यात घेतल्यासारखं उचलायचं. आणि आपल्याकडे तर पाहुणा आला की पहिले काखेत धरून उडवते. मी दारावर कागद चिकटवला होता. जखमेला तेल नाही, मालिशवाली नाही, पावडर नाही. दात येतील तसे स्वच्छ ठेवा, दाताचं काही काम करायचं झालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, तोंडातले जंतू रक्तातून ठिगळापर्यंत जाऊ शकतात, पहिले सहा महिने तर जास्तच जपायचं. त्याचं पिणं बघून सून सारखी घाबरायची, कारण तो आता थांबतच नव्हता, एका दमात पोटभर पिऊन झोपायचा, चार-चार तास. ती नाकासमोर बोट धरून बघायची.

आता चौदा महिन्यांचा आहे, 8 किलो 700. आलेखाची रेघ मी भिंतीवर लावली आहे. ह्या वर्षी तान्ह्या पोळ्याला त्याला लाकडी बैल आणला, चाकाचा, मुलानं गॅरेजमध्ये त्याला छोटे बेअरिंग बसवून दिले, तर हा बैलाची दोरी सोडून बैलच ढकलत अख्ख्या गल्लीतून गेला, दोनदा पडला, उठला. सगळ्या घरांतून बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे-खाऊ, मिळाला. घामाघूम होऊन आला, आणि सून पदरानं घाम पुसताना हसत होती.

आता माझं मागणं. डोसच्या दिवशी दीड महिन्याच्या प्रत्येक लेकराच्या छातीला स्टेथोस्कोप लागला पाहिजे. डोस तर आपल्याकडे जवळपास प्रत्येक आई घेऊन येते, ऊन असो पाऊस असो, म्हणजे लेकरू आपल्या पायानं, आईच्या कडेवर, बरोबर त्याच वयात समोर येऊन उभं राहते जेव्हा आवाज सुरू झालेला असतो. त्या दिवशी एक डॉक्टर तिथे बसवा, शहरात तरी हे अवघड नाही, नागपुरात एवढी मेडिकल कॉलेजं आहेत, शिकणारी पोरं-पोरी आहेत. जिथे डॉक्टर देणं होत नाही तिथे निदान प्रश्न विचारा. आशाताई घरी भेटी देतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, बेचाळिसावा म्हणजे तोच दीड महिना झाला, त्यांच्या फॉर्ममध्ये ठळक अक्षरात असू द्या, दूध पिताना कपाळाला घाम येतो का, मधे मधे थांबतो का, श्वास मिनिटाला किती. आणि वजन नुसतं लिहू नका, टिंब द्या, रेघ ओढा, आईला दाखवा. सिस्टरांवर, आशांवर, सेविकांवर आधीच किती रजिस्टरं आहेत हे मला कोणी सांगायची गरज नाही, मी 27 वर्षं भरली आहेत, दोन कमी करा आणि हे एक वाढवा.

आयांनी घाबरूनही जाऊ नये. घाम आला म्हणजे भोकच आहे असं नाही, आवाज ऐकू आला म्हणजे ऑपरेशनच असंही नाही. लहान भोकं पुष्कळशी आपोआप बुजतात, आमच्यासोबत इकोला आलेल्या दोन लेकरांना डॉक्टरांनी नुसतं सहा महिन्यांनी या म्हटलं. पण बघितलं तर कळेल नं. आणि घरातल्या सासवांना, आज्यांना माझी विनंती, लेकराचं वजन भरत नसलं तर सुनेच्या दुधाला नावं ठेवायच्या आधी लेकराला डॉक्टरला दाखवा.

आमच्या लेकराचं निदान झालं ते गावात लग्न होतं म्हणून. लग्नाची तारीख एक दिवस पुढे असती तर गाडी निघून गेली असती.

ऑपरेशननंतर मी एक सुरू केलंय. आमच्या भागातल्या लसीकरणाच्या दिवशी मी तिथे जाऊन बसते, सिस्टरांची परवानगी घेऊन. बायांना रांग लावायला मदत करते, लेकरं धरते आणि दीड महिन्याच्या डोसच्या प्रत्येक आईला तो घामाचा प्रश्न विचारते. बहुतेकजणी नाही म्हणतात. मागच्या बुधवारी एकीनं लगेच उत्तर दिलं नाही, सासूकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, हो, उशी ओली होते. आम्ही तिथेच श्वास मोजले, 66. सोमवारी सकाळी त्यांना मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, घेऊन जायचं आहे, इकोची चिठ्ठी झाली आहे. तिचा नवरा कामावर असतो, म्हणून मी सोबत जाऊन राहिली.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
मानेवाडा, नागपूर